सुभेदाराच्या घरची पोथी

साल १८९९. दिवेलागण होऊन बराच वेळ झाला आहे. तुम्ही साताऱ्याच्या कॅम्पात उभे आहात. अजिंक्यतारा अंधारात बुडाला आहे, शहरातल्या पेठांचा गलबला तिकडेच राहिला. हा भाग पलटणींचा आणि पेन्शनरांचा. अंगावरची वर्दी उतरली, तरी पहाटे बिगुलाच्या वेळेला डोळे उघडतात अशी माणसं इथे राहतात. समोरच्या घरात कंदील लागलेला आहे आणि आतून कुणा पोराचा वाचण्याचा आवाज येतोय. जोडे दाराशी काढा, आत जा, मागे भिंतीला टेकून बसा. तुमच्याकडे कुणी वळून बघणार नाही, सगळ्यांचे कान पोथीकडे आहेत.

वाचतोय तो आठ वर्षांचा मुलगा, घरातलं शेंडेफळ. सगळे त्याला भिवा म्हणतात. शेजारी त्याचा मोठा भाऊ आनंद आपली पाळी यायची वाट बघत बसलाय. बहिणी ऐकताहेत, मीराआत्या ऐकतेय, आसपासच्या घरांतली माणसंही येऊन बसली आहेत. पोराचे डोळे मिटायला आलेत, पण उठायची सोय नाही. रोज झोपण्याआधी रामायण-महाभारताचा थोडा भाग मोठ्यानं वाचायचा आणि जमलेल्यांना ऐकवायचा, असा या घरचा हुकूमच आहे.

हुकूम देणारा माणूस पुढ्यातच बसलाय. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे, मंडणगडाच्या बाजूचं. वडील मालोजी पलटणीत, बायकोच्या माहेरचे पुरुष पलटणीत, स्वतः पलटणीत. पण रामजींनी बंदुकीपेक्षा खडू अधिक हाताळला. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये ते शिकले आणि मग लष्करी शाळेत १४ वर्षं हेडमास्तर होते. शिपायांना आणि शिपायांच्या मुलाबाळांना लिहाय-वाचायला शिकवणं हे त्यांचं काम. कंपनी सरकारच्या काळापासून पलटणीत शिक्षणाची सक्ती होती, त्यामुळे ज्या महार समाजाला गावच्या शाळेची पायरी बंद होती त्या समाजातल्या पलटणवाल्या घरांत बायकासुद्धा पोथी वाचायच्या. ही एक गोष्ट नीट मनात ठेवा. या घरातला कंदील त्या सक्तीच्या तेलावर जळतोय.

गोऱ्या सोजिरांना सरकारी पगारावरचा पाद्री असे. आजारी माणसाच्या उशाशी बसणारा, मेलेल्याला मूठमाती देणारा, रविवारी प्रार्थना सांगणारा. महार शिपायाचं काय? लढाईत तो पुढे असे, पण सुटीवर गावी आला की देवळाबाहेर उभा राही आणि भटजी त्याच्या दाराशी येत नसे. मग या माणसांनी आपला धर्म आपणच उभा केला. कुणी रामानंदी झालं, कुणी नाथपंथी, कुणी कबीरपंथी. पेन्शनरांच्या वस्त्यांमधून भजनं सुरू झाली, पोथ्या लागल्या. मालोजी रामानंदी होते, रामजींनी कबीर धरला. धर्मगुरूची नेमणूक त्यांना कुणी दिली नव्हती आणि तसा हुद्दाही त्यांच्याजवळ कधी नव्हता. पण आज रात्री या खोलीत बसलेली माणसं ज्या ओढीनं इथे आली आहेत, ती बघितल्यावर मला तरी त्यांच्यासाठी दुसरा शब्द सुचत नाही.

अध्याय संपला. माणसं उठताहेत. तुम्ही मात्र थोडं थांबा, आणि तीन वर्षं मागे चला.

१८९६. घर साताऱ्यातच, आणि घरात रडारड आहे. रामजींच्या पत्नी भीमाबाई गेल्या. मुरबाडच्या, सुभेदार-मेजराच्या घरातली ही लेक. चौदा बाळंतपणं झाली, त्यातली पाच मुलं हाताशी आली: बाळाराम, आनंद, मंजुळा, तुळसा आणि हा चौदावा भिवा. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा. रामजी पलटणीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली. दापोलीच्या कॅम्पात थोडे दिवस काढून, बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी मिळाली म्हणून ते साताऱ्याला आले होते. नोकरीसाठी आले आणि इथेच बायकोला मूठमाती द्यावी लागली. भीमाबाईंची समाधी साताऱ्यात आहे.

मीराआत्या तेव्हापासून या पोरांची आई झाली. रामजींची ही थोरली बहीण अंगानं ठेंगणी आणि पायांनी अधू होती. घरचं काम तिच्याच्यानं फारसं उरकत नसे, पण तिच्याइतकी मायाळू बाई पोरांना दुसरी भेटली नाही. पुढे रामजींनी दुसरं लग्न केलं, ते भिवाला आवडलं नाही. आईचे दागिने दुसऱ्या बाईच्या अंगावर बघून लहान मुलाला काय वाटत असेल, ते इथे बसून कळतं. तो राग खरा होता. आणि घर चालवायला बाई हवी ही रामजींची अडचणही खरी होती.

आता भाद्रपदात या. साल कुठलंही घ्या. घरात गणपती बसलाय आणि भिवाच्या कपाळाला आठी पडली आहे. कबीरपंथी माणूस मूर्तीपुढे हात जोडत नाही, एवढं त्याला या वयातही कळतं. मग बाबा गणपती कशाला बसवतात? रामजी स्वतः वाचतात ते पंथाचे ग्रंथ. सकाळच्या वेळी त्यांच्या तोंडी असतात ते अभंग आणि कबीराचे दोहे. दारूचा वास या घराला नाही. गणपती बसतो तो पोरांसाठी. आजूबाजूच्या घरांत आरत्या चालल्या असताना आपल्या पोरांनी तोंड वासून बघत बसू नये, एवढंच. पुढे १९५६ साली ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेत याच मुलानं वडिलांबद्दल लिहिलं. लष्करातला माणूस, अतिशय धार्मिक, मुलांना कडक शिस्तीत वाढवणारा, आणि त्याच्या धर्माचरणातल्या विसंगती आपल्याला लहानपणापासून दिसत होत्या, असं. विसंगती होत्याच. पण बापाच्या श्रद्धेत मुलांसाठी जागा करून ठेवलेली असावी, हे मला विसंगतीपेक्षा मोठं वाटतं.

मुलगा ऐकून घेणारा नव्हता. थोडा मोठा झाल्यावर त्यानं सरळ विचारलं, की ज्या पोथ्यांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांचा कमीपणा पानोपानी सांगितलाय त्या आम्ही का वाचायच्या? लष्करातल्या बापानं अशा वेळी काय करावं? तुम्ही डोळे मिटून घ्याल, चपराक बसणार म्हणून. रामजींनी उत्तर दिलं. आपण अस्पृश्य, आपल्या मनात कमीपणाची भावना घर करून बसण्याचा धोका मोठा, आणि ती घालवायला या पोथ्या उपयोगी पडतात. द्रोण बघ, कर्ण बघ, कुठून निघाले आणि कुठे पोहोचले. वाल्मीकी कोळी होता, त्यानं रामायण रचलं. मुलाचं समाधान झालं नाही. पण प्रश्न विचारल्याबद्दल शिक्षाही झाली नाही. त्या काळच्या किती घरांत बापाशी धर्मावरून असा वाद घालता आला असता?

रामजींचा धर्म पोथीपाशी थांबणारा नव्हता. ते जोतीराव फुल्यांना मानणारे होते. १८९२ मध्ये सरकारनं महारांची पलटणीतली भरती बंद केली, तेव्हा त्याविरुद्ध अर्ज तयार करून घेण्यासाठी त्यांनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांचं दार गाठलं. भरती बंद म्हणजे नुसती नोकरी बंद नव्हे. पलटणीची शाळा बंद, पुढच्या पिढीचं अक्षर बंद. लष्करी शाळेच्या हेडमास्तराला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

७ नोव्हेंबर १९००. आता राजवाड्याकडे चला. जुन्या राजवाड्यात सरकारी हायस्कूल भरतं, आज ज्याला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात ते. इंग्रजी पहिलीच्या वर्गात नवीन नाव पडतंय, सकपाळ हे आडनाव मागे ठेवून: भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टर नंबर १९१४. आता आत डोकावा. मुलं बसली आहेत आणि हा एकटा वेगळा, घरून आणलेल्या गोणपाटावर. संध्याकाळी तेच गोणपाट काखेत मारून घरी न्यायचं, कारण शाळेचा गडी ते उचलणार नाही. तहान लागली तर शिपायानं वरून ओतलं तरच पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. साताऱ्यात परीट होते आणि पैसे द्यायची या घराची ऐपतही होती, पण कपडे बहिणी धुवायच्या. न्हावी होते, पण केस मोठी बहीण कापायची. घरी मात्र रामजी पोरांकडून इंग्रजी घोकून घेत होते, तर्खडकरांची भाषांतराची पुस्तकं पाठ करून घेत होते. शब्द चुकीचा वापरलेला त्यांना खपत नसे. शाळेत गोणपाटावर बसणाऱ्या पोराची भाषा वर्गात सगळ्यांत चोख असली पाहिजे, असा त्या तालमीचा अर्थ.

आणि आता १९०१ चा उन्हाळा. आता जायचंय खटाव तालुक्यातल्या गोरेगावला.

दुष्काळानं या पट्ट्याचं कंबरडं मोडलंय. सह्याद्रीच्या पाठीमागे पावसाची सावली पडते ती माण-खटावपासून पुढे आजच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, जतपर्यंत. माणसं हजारांनी मरत होती, तेव्हा सरकारनं तलाव खोदायची कामं काढली. रामजी इथल्या कामावर कॅशियर आहेत. उभे राहा त्यांच्या बाजूला. सकाळचे अकरा वाजत आलेत, ऊन आत्ताच भाजतंय. खड्ड्यात माणसं, बाया, हाडं निघालेली पोरं माती उपसताहेत. मजुरीचे पैसे या माणसाच्या ताब्यात. म्हणूनच त्यांना रजा नाही. पेटी सोडून चार दिवस साताऱ्याला जाणं शक्य नव्हतं, तेव्हा त्यांनी पोरांनाच उन्हाळ्याच्या सुटीत इकडे बोलावलंय. कुठल्या दिवशी येताय ते कळवा, स्टेशनवर माणूस पाठवतो, असंही लिहिलं होतं. पोरांचं पत्र अजून हाती आलेलं नाही. त्यांना वाटतंय, निघायचं असेल पुढच्या आठवड्यात.

साताऱ्यात पोरं आत्याजवळ होती. भिवा, आनंद आणि वारलेल्या थोरल्या बहिणीचे दोन मुलगे. आत्याला झेपेना म्हणून स्वयंपाक चौघांनी वाटून घेतला होता. चपात्या काही केल्या जमेनात, मग बहुतेक पुलावच व्हायचा. तांदूळ आणि मटण एकत्र शिजवलं की झालं.

इकडे गोरेगावात रामजींच्या दाराशी बैलगाडी थांबते. चार पोरं खाली उतरतात. जरा जवळून बघा त्यांच्याकडे. अंगात विलायती कापडाचे नवे सदरे, डोक्यावर झगझगीत टोप्या, रेशमी काठाची धोतरं, पायात नवे जोडे. बापाला भेटायला जायचं म्हणून सगळं मुद्दाम नवं घेतलेलं, आणि त्या सगळ्यावर धुळीचा थर. ओठ सुकलेत. हातात फराळाचा डबा आहे, आणि तो तसाच भरलेला आहे.

रामजी बघतच राहतात. कळवलं का नाही, म्हणून विचारतात. पोरं म्हणतात, कळवलं होतं. ते म्हणतात, मला काही मिळालं नाही. थोड्या वेळानं उलगडा होतो. पत्र आलं होतं, पण घरगड्यानं ते घेतलं आणि द्यायला विसरला. एवढीशी चूक.

मग रात्रीची हकीकत बाहेर पडते. घरापासून दहा मैलांवरच्या स्टेशनवर टांग्यानं जाऊन पोरं गाडीत बसली. संध्याकाळी पाचला मसूर स्टेशन. गाडी पुढे कराडवरून मिरजेकडे निघून गेली, फलाट रिकामा झाला, आणि न्यायला कुणी आलेलं नव्हतं. इतकी नीटनेटकी पोरं बघून स्टेशनमास्तरनं विचारपूस केली. महार म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. गाडीवानांना कळलं, तसं एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोडगा निघाला. भाडं दुप्पट, गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं. भिवासारखं लहानगं पोर, त्याचा भाऊ आणि भाचे बैल हाकत निघाले. वाटेत जवळजवळ आटलेली नदी लागली. गाडीवानानं तिथे जेवून घेतलं. पोरांनी डबा उघडला, पण त्यांना मिळालं ते डबक्यातलं पाणी, जनावरांच्या शेणामुताचं. पाण्यावाचून घास उतरेना. मध्यरात्री टोलनाका आला. गाडीवानानं सुचवलं होतं म्हणून भिवानं नाकेदाराशी उर्दूत बोलून आपण मुसलमान असल्याचं सांगितलं आणि पाणी मागितलं. डोंगरावर आहे, जाऊन घ्या, असं उत्तर आलं. रात्र उपाशी काढली.

तुम्ही रामजींच्या शेजारी उभे आहात. त्यांच्याकडे बघा. सरकारची उभी हयात चाकरी केलेला सुभेदार, रोज शेकडो भुकेल्या माणसांना मजुरी मोजून देणारा, आणि त्याच्या पोरांना सबंध रस्त्यात तांब्याभर पाणी मिळालं नाही. कबीराचे दोहे या माणसानं पोरांना ऐकवलेत. पाण्याला जात नसते हे त्यानं लहानपणापासून सांगितलंय. ते खरं आहे आणि मसूरच्या वाटेवर ते खोटं ठरलं. माझं मत विचाराल, तर ही हकीकत वाचताना आपण नेहमी त्या मुलाकडे बघतो, आणि ते बरोबरच आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये ती त्यानं स्वतः लिहून ठेवली. पण त्या अकरा वाजता दाराशी उभ्या असलेल्या बापाकडेही एकदा बघावं. पोरांना नवे कपडे घेता आले, शाळेत घालता आलं, भाषा देता आली. रस्ता मात्र त्याच्या हातात नव्हता.

इथून पुढचं भराभर बघू. १९०४ मध्ये कुटुंब मुंबईला आलं, परळच्या डबक चाळीत, एका खोलीत. त्या खोलीत सगळा संसार आणि अभ्यासही. रामजी लवकर निजायचे नाहीत. पोराला आधी झोपवायचे आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवायचे, मग स्वतः अंग टाकायचे. भिवाला कुठलंही पुस्तक हवं झालं की रामजी लग्न झालेल्या मुलींच्या दाराशी जात. दागिना मागून आणत, मारवाड्याकडे गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. १९०७ मध्ये मुलगा मॅट्रिक झाला. शाळेतल्या यशाबद्दल झालेल्या एका सत्कारात कृष्णराव केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. वडिलांच्या पोथीला जे उत्तर देता आलं नव्हतं त्याची सुरुवात त्या पुस्तकात होती, असं पुढे त्यानंच सांगितलं.

२ फेब्रुवारी १९१३. मुंबईतलं घर. रामजी अंथरुणावर आहेत आणि डोळे दाराकडे. मुलगा नुकताच बडोद्याच्या नोकरीवर गेलेला. त्यानं तिथे जावं हे रामजींना मनातून पसंत नव्हतं. तार मिळाल्यावर तो निघाला, वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरला आणि गाडी चुकली. एक दिवस उशीर झाला. तो आला तेव्हा वडिलांना बोलता येत नव्हतं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि थोड्या वेळानं प्राण सोडला.

साताऱ्याला कधी जाणं झालं, तर भीमाबाईंच्या समाधीपाशी जाऊन या. राजवाड्याच्या शाळेच्या आवारातही जाऊन या. आणि तिथे एक पुस्तक आठवा. १९२३ मध्ये लंडनमध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रिझर्व्ह बँकेच्या स्थापनेची चर्चा निघाली की आजही त्याचं नाव निघतं. या भिवानं, म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकरांनी, तो आपल्या आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला आहे, त्यांच्या शिक्षणापायी त्या दोघांनी जे सोसलं त्याची आठवण म्हणून.